अकरावं स्टूल

आमच्या बारला अकरा स्टुलं.
अकरावं, खांबाआडचं, कुणी मागत नाही.
तिथून मोठा आरसा दिसत नाही,
पितळी दिवे नाहीत, नाँतचा ओला रस्ता नाही.
दिसतं फक्त स्वयंपाकघराचं झुलतं दार
आणि ते उघडलं की क्षणभर
वाफेचा एक पांढरा तुकडा.

गुरुवारी गिलेन कोतेरोनं
फोन करून तेच राखून ठेवलं.

निळा कोट, मानेपर्यंत बटणं,
केस नुकतेच बसवून घेतलेले.
हात मात्र बराच वेळ मांडीवर,
टेबलाखाली लपवावेत तसे.
हा जस्ताचा काउंटर मी दिवसातून तीसदा पुसतो,
तरी तिच्या बोटाला एक गोल डाग सापडलाच.
ओशाळून मी फडकं फिरवलं.

बावीस वर्षं ती त्या दारामागे होती,
मी दाराच्या अलीकडे सोळा.
सोळा वर्षांत आमच्यात दोनच वाक्यं झाली:
"ग्लास संपले."
"आले."

मी म्युस्कादे ओतली. तिनं मेन्यू उघडला
आणि मागून पुढे वाचत गेली,
गोडापासून सुरुवात.
म्हणाली, मला यातलं सगळं शेवटाकडूनच माहीत आहे.
शिंपल्यांची टरफलं. बदकाची हाडं,
कधी मन लावून चोखलेली, कधी नुसती चिवडलेली.
पाइक माशाचा काटा, लहान मुलीच्या कंगव्यासारखा,
आणि भोवती थिजलेलं ते पांढरं लोणी.
पहिल्या पाण्याला दाद देत नाही मेलं.

मीठ जास्त पडलं की पाण्याचे ग्लास दुप्पट यायचे,
त्यावरून कळायचं, आचारी नवा आहे.
पहिल्यांदा भेटणारे कांदा बाजूला सारतात.
भांडून उठलेल्यांचे बटाटे जसेच्या तसे.
"आणि तुझा तो चार नंबरचा म्हातारा,
बायको गेल्यावर महिनाभर
दोन काटे वापरायचा."

मला हे ठाऊक नव्हतं.
मी त्याच्याशी दर मंगळवारी हवापाण्याचं बोलत होतो.

मग पाइक आला.
अख्खा, डोक्यासकट, कडेनं लोण्याची सोनेरी तळी.
मी ताट ठेवलं तशी ती तळी
एका बाजूला कलली, परत आली.
गिलेन बघत राहिली.
"हलतंय," ती म्हणाली.
मग जरा वेळानं, कुणालाच उद्देशून नाही,
"हे हलतं होय."

जेवली सावकाश. कुणाशी बोलली नाही.
शेजारच्या वकिलानं तिच्या बोटांकडे पाहिलं,
नखं मुळापर्यंत झिजलेली, कातडी कागदासारखी,
आणि आपला रुमाल नीट केला.
काटे तिनं एका कडेला रचले, उतरत्या उंचीनं.
पावाच्या तुकड्यानं ताट पुसलं,
इतकं, की तळाचं निळं फूल वर आलं.
ते फूल तिथं आहे हे मी विसरलोच होतो.

बिल पुरतं चुकतं केलं. मालकांनी नको म्हटलं होतं,
तिनं ऐकलं नाही.
नंतर वीसची एक नोट चौघडी घालून
बरणीत नाही, ताटाखाली सरकवली.
टिपांची बरणी माझ्या कोपराशी असते,
रात्री आम्ही बाहेरचे पाचजण वाटून घेतो.
आत कुणाला काही जातं का,
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
तिनंही विचारलं नाही.
कोटाचं वरचं बटण लावलं, निघाली.

ताट मी दोन्ही हातांनी उचललं, नोटेसकट,
आणि खांद्यानं दार ढकललं.
तियेर्नो, दोन आठवड्यांचा नवा पोरगा,
कोपरापर्यंत फेसात.
ताट बघून गोंधळला:
"हे धुतलेलंच आहे की."

मी काहीतरी सांगणार होतो.
पण चष्मा वाफेनं पांढरा झाला होता,
शर्ट पाठीला चिकटू लागला होता.
आत इतकं गरम असतं.